वळणावरच्या खुंट्या

पुकाल्पा
२ नोव्हेंबर २०२२

रुस्बेल,

हे पत्र 'एस्त्रेया' लाँचच्या खलाशाकडे देतेय. सान रोमुआल्दोत फोन लागत नाही, आणि जिथे लागतो तिथे तू उचलत नाहीस. आधी पूर्ण वाच, मग कुठे उंडारायचं ते उंडार.

मी कचेरीत काय काम करते हे तुला मागे सांगितलं होतं, तेव्हा तू झोपलास. परत सांगते. उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या नदीवरून जातात आणि फोटो काढतात. माझं काम म्हणजे जुने-नवे फोटो एकमेकांवर ठेवून काय बदललं ते बघणं. उकायाली कूस बदलते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण किती, ते वरूनच कळतं. आपल्या वळणावर पलीकडच्या काठाला दरवर्षी नवा गाळ चढतोय, आणि तेवढीच नदी अलीकडे सरकतेय. अर्सेनियोकाका त्या गाळावर भात पेरतात आणि नदीने दिलं म्हणून मेणबत्ती लावतात. ती देते ते आपल्याच परसातून काढून. अलीकडच्या तीन वर्षांत तर तिला धीरच राहिलेला नाही. वरच्या अंगाचं रान तोडलं, पाऊस आता येतो तो एकदम कोसळतो, पूर मोठे झाले.

आणि सगळ्यात पुढे घर कुणाचं? माझ्या आईचं.

यंदा या पट्ट्यातल्या एकाच गावाला आत, उंचावर हलवायला मदत मिळणार आहे. आपलं गाव की पुएर्तो लिबियो, हे मार्चमध्ये ठरेल. अडचण अशी की डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत आभाळ झाकलेलं असतं. फोटोत नुसता कापूस दिसतो. म्हणून जमिनीवरून मोजणी हवी, आणि गावात माझं असं माणूस तूच.

बारा खुंट्या घे. काठाच्या कडेपासून आईच्या घराच्या दिशेने सरळ रांगेत रोव, सारख्या अंतरावर. लांबून दिसाव्यात म्हणून लाल कापड बांध. मग दर महिन्याला किती उभ्या आहेत तेवढंच कळव. फक्त मोज. डोकं चालवू नकोस.

आणखी एक. हे कशासाठी ते कुणाला बोलू नकोस. आईला तर मुळीच नाही. काही ठरायच्या आत गाव घाबरलं तर ज्यांना जमतं ते निघून जातील आणि बाकीच्यांना कोणी विचारणार नाही. आई तर मुद्दाम पाय रोवून बसेल. कुणी विचारलं तर गप्प राहा.

देल्मिरा


सान रोमुआल्दो
२१ नोव्हेंबर

देल्मिराताई,

पूर्ण वाचलं. एका बैठकीत. मावसभावाला शाबासकी दे.

खुंट्या रोवल्या. पहिली काठाच्या अगदी कडेला, बारावी मावशीच्या पपईपाशी. लाल कापड गावात कुठे मिळेना, म्हणून माझा फुटबॉलचा शर्ट फाडला. कोन्तामानाच्या स्पर्धेतला तो. त्या सामन्यात आमच्या गोलकीपरला गांधीलमाशी चावली, तो एका हाताने डोळा धरून उभा, आणि तरी त्याने पेनल्टी अडवली. मग पंच म्हणाला की माशी आमचीच होती. असो. शर्ट गेला.

अर्सेनियोकाका काठावर जाळं विणत बसले होते. म्हणाले, "काय रे भटक्या, एवढ्या चिंध्या? जहागीर मांडतोस की काय?" सगळे खो-खो हसले. पोटात दहा उत्तरं तयार होती, पण तुझ्या शब्दाखातर गप्प बसलो. मावशी तेवढी हसली नाही. दारात उभी राहून बघत होती, हातातला मासा तसाच. मग आत गेली आणि मला दुप्पट वाढलं. भाजलेली केळी, बोकिचिको मासा, वर लोटाभर चापो, केळ्याची पेज. कशाबद्दल ते देवाला ठाऊक.

गावची बातमी म्हणजे पलीकडच्या गाळावरून मुरायारीचे दोघे भाऊ भांडले. तुला शहरात राहून विसर पडला असेल, म्हणून सांगतो. पाणी उतरलं की जो काठी रोवून चिंधी बांधेल त्याची ती पट्टी, आणि काठी पडली की हक्क गेला. तर धाकटा तापाने पडला होता आणि त्याची काठी वाहून गेली. थोरल्याने ती परत रोवायला हवी होती, भाऊ म्हणून. त्याने स्वतःची रोवली. आता दोघे एका घरात राहून एकमेकांशी तिसऱ्यामार्फत बोलतात. तिसरा म्हणजे मी.

इथे एक माणूस आलाय. पेके-पेके होडीतून गावोगाव आरसे, कंगवे, बॅटऱ्या विकतो. त्याला इंजिन धरायला कोणीतरी हवंय. महिनाभराची तर गोष्ट. जाऊन येतो. खुंट्या कुठे पळून जात नाहीत.

तुझा
रुस्बेल


पुकाल्पा
९ जानेवारी २०२३

रुस्बेल,

डिसेंबरचा आकडा आला नाही. खलाशी म्हणाला, तू गावात नाहीस. महिनाभराची गोष्ट म्हणालास, त्याला आता पन्नास दिवस होत आले. आरसे विकतोस की बनवतोस?

रोज सकाळी आधी आपलं वळण उघडते. पांढरं. काल एका कोपऱ्यात शाळेचा पत्रा चमकला, तेवढाच. बाकी ढगाखाली काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. इथे पाऊस थांबत नाही, तिथेही थांबला नसणार.

ऑक्टोबरच्या फोटोंवरून मी हिशेब मांडलाय. माझा हिशेब बरोबर असेल तर मार्चअखेर तुझ्या बारापैकी निम्म्या खुंट्या नदीत गेलेल्या असतील. साहेब म्हणतात, हा अंदाज झाला, पुरावा आण. आमच्या कचेरीचा नियमच आहे, वरचं आणि खालचं जुळलं नाही तर खालचं खरं. फेब्रुवारी संपायच्या आत मला आकडा हवा. कुठेही असशील तिथून परत जा आणि मोज.

आईचा गुडघा कसा आहे? ती निरोपात नेहमी बरा म्हणते.

देल्मिरा


सान रोमुआल्दो
२७ फेब्रुवारी

देल्मिराताई,

रागावू नकोस. परवाच पोचलो. वाटेत इंजिन बिघडलं, मग ते दुरुस्त करणारा बिघडला, म्हणजे त्याचं लग्न निघालं, मग आम्हाला थांबवूनच घेतलं. ते सगळं भेटीत.

आकडा लिहून घे. बारापैकी अकरा उभ्या आहेत! मी दोनदा मोजल्या. पहिल्यांदा चालत, दुसऱ्यांदा पावसात धावत. रांग सरळ, चिंध्या जागच्या जागी. म्हणजे नदीने तीन महिन्यांत एकच खुंट खाल्ला. तुझा उपग्रह घाबरट आहे, ताई. त्याला एकदा खाली उतरवून मासातोची दारू पाजली पाहिजे.

नदी मला जरा जवळ आल्यासारखी वाटली हे खरं. मावशीच्या पडवीत बसलं की पाण्याचा आवाज येतो, तसा पूर्वी यायचा नाही. पण पाणी चढलं की नदी सगळ्यांनाच जवळ वाटते. काठावर गवतही माजलंय, कड नेमकी कुठे तेच दिसत नाही. म्हणून डोळ्यावर विश्वास न ठेवता खुंट्या मोजल्या, तू सांगितलंस तसं. डोकं चालवलं नाही.

मावशीचा गुडघा बरा नाही, पण जीभ ठणठणीत आहे. मी होडीतून उतरलो तर म्हणाली, "आलास? तुझं सगळं जागच्या जागी आहे हो." मला वाटलं, माझा झुला म्हणते. झुल्याला तर उंदरांनी भोक पाडलंय. मग जेवताना मधेच विचारते, "छपराला पत्रा बरा की पान?" मी म्हटलं, पत्र्यात उकडतं. तर म्हणे, "तेच मी म्हणते, पानच बरं." वय झालं की माणसं कुठलं बोलणं कुठेही सुरू करतात.

रुस्बेल


पुकाल्पा
१५ मार्च

रुस्बेल,

तुझा आकडा दिला. आणि माझा अंदाज चुकला असंही मीच उभं राहून सांगितलं. आठ वर्षांच्या नोकरीत चूक निघाल्याचा आनंद पहिल्यांदा झाला. घरी येऊन भातात मीठ घालायला विसरले आणि तसंच जेवले.

मनात एक शंका होती, ती लिहून ठेवते. वळणाची खालची बाजू इतकी झिजत असताना आपल्याच बाजूला नदी कशी काय थांबली? साहेबांना विचारलं. ते म्हणाले, काठाच्या पोटात चिकणमातीचा थर लागला असेल, तशी नदी अडते. असं होतं हे मलाही माहीत आहे. शेवटी जमिनीवर उभं राहून मोजणारा माणूस तिथे आहे, मी नाही.

मदत पुएर्तो लिबियोला गेली. त्यांना गरज होती. आपलं गाव यादीतून काढलंय, 'काठ स्थिर' असं लिहून. सोबत शिक्क्याचं पत्र आहे, ते अर्सेनियोकाकांना दे. ते गावप्रमुख आहेत, त्यांनी सभेत वाचायचं. जे लोक आत जायचा विचार करत होते त्यांना कळू दे.

आता तू भटकायला मोकळा. जाण्याआधी आईची पडवी शाकारून दे.

देल्मिरा


सान रोमुआल्दो
१८ एप्रिल

देल्मिराताई,

तुझं शिक्क्याचं पत्र अर्सेनियोकाकांनी शाळेत वाचलं. चष्मा विसरले होते, म्हणून मी मागून शब्द सांगत होतो आणि ते मोठ्याने म्हणत होते. 'काठ स्थिर' म्हणताना त्यांचा आवाजच बदलला. मग टाळ्या, मग मासातो, मग थोरला मुरायारी धाकट्याच्या गळ्यात पडून रडला. सकाळी परत बोलेनासे झाले. तापुयिमाच्या घरचे सामान बांधून बसले होते, त्यांनी सोडलं. मावशीने तर नवं स्वयंपाकघर काढलं, तेही नदीच्या अंगाला, तिकडून वारा येतो म्हणून. खांब मी रोवले. सगळीकडे सांगत सुटलीय, "माझ्या लेकीने वरून बघितलंय."

आता गंमत ऐक. परवा मावशीने मला समोर बसवलं. म्हणाली, "कधी बांधतोस?"

"काय?"

"घर रे, गाढवा. का नुसत्याच चिंध्या बांधून ठेवणार?"

तिला वाटलं होतं की मी जागा धरली! तिच्या शेजारी घर बांधणार म्हणून खुंट्या रोवल्या आणि लाजून बोललो नाही. म्हणून त्या दिवशी दुप्पट वाढलं. म्हणून पत्रा की पान. मी हसायला लागलो, पण तिचा चेहरा बघून हातातला लोटा खाली ठेवला. म्हणाली, "तू गेलास आणि पावसाने काठ ढासळायला लागला. आज एक खुंट खाली, उद्या दुसरा. गावात लोक टपलेलेच. मी जाऊन पडलेला खुंट उचलायची आणि मागे, दुसऱ्या दोघांच्या मधे रोवायची, रांग सरळ राहील अशी. गुडघा असा, तरी गेले. एक तेवढा धारेत गेला, त्याला मी काय करू? पण तुझी जागा गेली नाही, रुस्बेल. आई असती तुझी तर तिनेही हेच केलं असतं."

ताई, माझ्यासाठी आजवर कोणी काही राखून ठेवलेलं नाही. ताटातला तुकडासुद्धा नाही. मी तिला म्हटलं, बांधतो. का म्हटलं ते माहीत नाही, पण म्हटलं. आणि आता खरंच वाटायला लागलंय. पानं काढायला पुढच्या आठवड्यात आत जाईन म्हणतो.

त्यामुळे तुझ्या हिशेबात काही थोडंफार इकडेतिकडे झालं असेल तर बघ बाई. अहवाल तर गेलाच आहे, नाही का?

रुस्बेल


पुकाल्पा
२४ एप्रिल

रुस्बेल,

पत्र आत्ता मिळालं. लाँच तासाभरात परत निघतेय. उभ्या उभ्या लिहितेय.

आईला त्या घरातून आजच्या आज बाहेर काढ.

शनिवारी ढगाला भोक पडलं होतं, मी फोटो उघडलाच नव्हता, कारण आपलं गाव यादीत नाही. तुझं पत्र वाचून उघडला. आईचं छप्पर आणि पाणी यांच्यामध्ये एक ठिपका आहे. एक ठिपका म्हणजे दहा मीटर. नोव्हेंबरात सहा होते. नदी थांबली नव्हती रे. खुंट्या तिच्याबरोबर मागे चालत होत्या.

आणि आता पाणी उतरतंय. हाच काळ वाईट. भिजलेल्या काठाला पाण्याचा टेकू असतो तोवर तो उभा राहतो, टेकू निघाला की एका दमात जातो. तडे दिसतात का बघ, घराच्या मागेसुद्धा. आईनंतर तापुयिमाचं घर, मग शाळेच्या अलीकडची दोन्ही.

सगळ्यांना सांग. मी बोलू नकोस म्हटलं होतं ते विसर. लाजू नकोस. भांड, उचलून ने, काहीही कर.

देल्मिरा


सान रोमुआल्दो
२७ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं त्या दिवशीच सगळ्यांना शाळेत जमवलं आणि वाचून दाखवलं. खुंट मागे रोवल्याचं तेवढं गाळलं, मावशी समोर बसली होती.

अर्सेनियोकाका म्हणाले, "मार्चमध्ये शिक्क्याचं पत्र आलं, काठ पक्का. आता बिनशिक्क्याचं आलंय, काठ कच्चा. मी कुठलं धरू?" तापुयिमा म्हणाला, "आम्ही बांधलेलं सामान तुमच्या शब्दावर सोडलं. आता परत बांधायचं? तुमचा उपग्रह दारू पिऊन उडतो का?" मी म्हटलं, मोजणी चुकली होती. तर सगळे माझ्याकडे बघून हसले. "मोजायला हा होता होय! मग बरोबर." खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझ्यासारख्याच्या तोंडून खरं निघून उपयोग नाही.

घराच्या मागे तडा आहे. पपईच्या बुंध्याजवळून जातो. माझा हात मनगटापर्यंत आत गेला.

मावशीला तो दाखवला. तिने पायाने त्यात माती लोटली. मग म्हणाली, "देल्मिरा लहानपणीही अशीच. वीज कडाडली की खाटेखाली." पण यायला कबूल झालीय. अट अशी की कोंबडी अंड्यांवर बसलीय, पिल्लं फुटू देत. हलवली तर ती उठेल आणि सगळी अंडी जातील. शनिवारी नक्की म्हणाली. मी उचलून नेतो म्हटलं तर चुलीतलं लाकूड उगारलं.

मी कुठे जात नाहीये. तिच्या पडवीतच पडतो. कंगवेवाला आला होता, त्याला परत पाठवलं.

शिक्का मारून पत्र पाठव. मोठा शिक्का.

रुस्बेल


सान रोमुआल्दो
९ मे

देल्मिराताई,

खलाशाने तुला कळवलं असेल. तरी मी लिहायला हवं.

शनिवारी सकाळी पिल्लं फुटली होती. मावशी खुशीत होती. मी भांडी, शिवणयंत्र आणि पत्र्याची पेटी मुरायारीच्या मागच्या खोपटात नेऊन ठेवली. दुसऱ्या खेपेला गादी. ती म्हणाली, "गादी नीट धर, चिखलात लोळवू नकोस, तू कोंबडी आणि पिल्लं घ्यायला ये, तोवर मी चूल विझवते." मी गादी डोक्यावर घेतली, म्हणून मला मागचं काही दिसलं नाही. आवाज आला. खूप झाडं एकदम उपटल्यासारखा, आणि मग पाण्याचा. मी गादी टाकून पळत आलो तर समोर नदी होती.

घर नव्हतं, स्वयंपाकघर नव्हतं, मी उभा होतो तिथून चार हातांवर कड होती आणि ती अजून गळत होती. पपई उभीच्या उभी नदीतून खाली चालली होती. माझी हाक कोणी ऐकली की आवाज ऐकून आले, माहीत नाही, पण सगळे आले. सगळ्यांनी होड्या काढल्या. दोघे मुरायारी एका होडीत होते. छप्पर मिळालं, खालच्या वळणाला अडकलेलं. त्याखाली कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्सेनियोकाकांच्या बायकोने भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावून सोडली. ती जिथे थांबेल तिथे बुडालेलं माणूस असतं म्हणतात. आम्ही होड्यांतून मागे मागे गेलो. वाटी भोवऱ्यात फिरली, मग धारेला लागली, आणि पलीकडच्या गाळाला जाऊन टेकली. तिथे अर्सेनियोकाकांनी जागा साफ करून ठेवलेली, बियाण्याचं भात उगवून आलेलं. आम्ही थांबलो. ते स्वतः पाण्यात उतरले आणि म्हणाले, "खणा." मी म्हटलं, काका, भात. ते म्हणाले, "खण म्हणतो ना." आम्ही सगळी पट्टी खणली. गाळ खाली निळा होता, आणि त्याला आपल्या परसातल्या मातीचा वास होता. ती तिथे नव्हती. खालच्या गावांतूनही काही कळलं नाही.

तापुयिमा त्याच संध्याकाळी घर उतरवायला लागला. आता पुढच्या रांगेत कोणी नाही. शाळेत झोपतात.

काल नवव्या दिवसाची प्रार्थना व्हायची होती, ती पावसाने राहिली, म्हणून आज झाली. संपल्यावर अर्सेनियोकाका सगळ्यांसमोर मला म्हणाले, "रुस्बेल, मी रागाने विचारत नाही. मोजणी चुकली कुठे?" सगळे बघत होते. थट्टेने नाही. मी पोट दुखतं म्हणून उठून गेलो. मी खुंट्या रोवून भटकायला गेलो हे सांगू शकतो, ते खरंच आहे. पण ते विचारतील, मग खुंट्या उभ्या कशा राहिल्या? तेव्हा काय सांगू? उद्या परत विचारतील. तू कळवेपर्यंत आजारी आहे म्हणून शाळेत पडून राहतो.

रुस्बेल


पुकाल्पा
१६ मे

रुस्बेल,

आजारी पडू नकोस. ऊठ आणि उत्तर दे.

त्यांना सांग की खुंट्या कशासाठी आहेत हे देल्मिराने गावापासून लपवायला लावलं, आणि नुसती मोजदाद मागितली, अंतर मागितलं नाही. त्यामुळे मोजणी फसली. हे मी कचेरीतही असंच लिहून दिलंय, आणि यात खोटं काही नाही. लहानपणी बाबांच्या पट्टीवरची पडलेली काठी मी स्वतः कितीदा परत रोवलीय. चिखलात पाय रुतायचे, तरी रोवायची. लाल चिंधी बांध असं तुला लिहिताना मला ते आठवायला हवं होतं. मला कचेरीतल्या कपाटातले लोखंडी गज आठवले, त्यांना लाल फीत असते.

पुढचं विचारलं तर पुढचं माहीत नाही म्हण. आईने काय केलं ते मला आणि तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे. गावात कोणाच्या तोंडी ते येता कामा नये. घर मोडावं लागलेली तापुयिमाची बायको वाईट नाही, पण दुःख जुनं झालं की माणसं बोलतात. आईचं नाव घेताना कोणी थांबलेलं मला चालणार नाही.

साहेबांनी गाव परत यादीत घातलंय. यंदाची मदत संपली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तोवर शाळेच्या मागे, जुन्या ओढ्याच्या पलीकडे जी उंच जागा आहे, ती मी मागच्या सगळ्या फोटोंत तपासली. तिथवर पाणी कधी गेलेलं नाही. अर्सेनियोकाकांना सांग, पानं तिथे टाकायला सुरुवात करा, शिक्क्याची वाट बघू नका.

फोटोत मी तिला शोधलं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. माणूस दिसेल इतकं जवळचं ते नसतं. छप्पर जिथे होतं तिथले ठिपके आता नदीच्या रंगाचे आहेत.

रजा टाकलीय. गुरुवारच्या लाँचने येतेय. होडी लागायची ती जागा राहिली नसेल, आणि खलाशाला नवीन कड माहीत नाही. जिथे जमीन पक्की असेल तिथे तू स्वतः उभा राहा आणि त्याला हाक मार.

देल्मिरा